पोर धरणारी जनूकाकी

मागच्या महिन्यात आमच्या अंगणवाडीत डोसाचा दिवस होता. बदलून आलेली नवी नर्स होती. तिने सुई भरली आणि विचारलं, “बाळाला नीट धरणार कोण?” आईने सासूकडे बघितलं. सासूने छताकडे बघितलं. मी दारात सुकट निवडत बसले होते, मी सुकटीकडे बघितलं. शेवटी आईनेच धरलं. पोराने लाथ मारली, नर्सने सुई झटकन वर घेतली आणि सुरुवात पुन्हा पहिल्यापासून. मागून कोणीतरी बोललं, “आता जनूकाकी पायजे होती.”

सगळ्या हसल्या. जनूकाकीची आठवण निघाली की आमच्या आळीत बायका हसतात. मीही हसते. ती गेली तेव्हा मी रडले नव्हते, आता काय रडायचं?

जनूकाकी फार चांगली बाई होती असं मी म्हणणार नाही. तोंडाळ होती. दुसऱ्याच्या घरात शिरून टोपावरचं झाकण उचलून बघायची. सगळ्या आळीची ती काकी. तिच्यापेक्षा वयाने मोठे म्हातारेसुद्धा तिला काकी म्हणत, कारण नुसतं जनू म्हटलं तर ती ओ देत नसे. आमचा कोळीवाडा घिवलीच्या अंगाला, समुद्राला लागून. मागे वीजकेंद्राची चिमणी दिसते. तिकडे पाळी बदलली की भोंगा वाजतो, आणि काकीचा आवाज त्या भोंग्याच्या वर जायचा. बोईसरच्या बाजारात ती मासे विकायला बसे तेव्हा शेजारच्या बायका स्वतः ओरडत नसत. काकीच्या आवाजाने जे गिऱ्हाईक येईल त्यातलंच उरलेलं त्या घेत.

दंड म्हणाल तर पुरुषाच्या मांडीएवढे. जन्मभर माशांच्या पाट्या उचलून झालेले.

आणि बर्फाचं ज्ञान. मासेवाल्या बायकांना बर्फ कळतोच, पण काकी बर्फ चाटून सांगायची, लादी आजची आहे की कालची. टेम्पोवाला लादी उतरवायला लागला की ती पुढे होऊन जीभ लावायची. टेम्पोवाला तिकडचा, उत्तरेकडचा पोरगा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो घाबरून खाली उतरला होता. लांबच्या गिऱ्हाइकाला पापलेट पाठवायचं असेल तर काकी फोडलेल्या बर्फात मूठ मूठ खडे मीठ घालायची, कुल्फीवाला घालतो तसं. त्याला ती चावरा बर्फ म्हणे. “साधा बर्फ नुस्ता बसतो. चावरा बर्फ काम करतो.” हे वाक्य तिने मला इतक्यांदा ऐकवलं होतं की माझ्या स्वप्नात यायचं.

अशा बाईचा लसीशी संबंध काय? काहीच नव्हता. ती भांडायला म्हणून गेली आणि तिथेच राहिली.

झालं असं. सुनंदा सिस्टर आमच्याकडे नवीन लागली होती. सांगलीकडची पोर, काडीसारखी बारीक, बोलणं गोड. अंगणवाडी काकीच्या घराला चिकटून. पहिल्याच डोसाच्या दिवशी आत चार पोरं एका सुरात रडायला लागली, आणि काकी दुपारची झोपमोड झाली म्हणून पदर खोचून भांडायला आली. आत बघते तर सिस्टर एका पोराच्या मांडीमागे सुई घेऊन फिरते आहे, पोर माशासारखं उसळतं आहे आणि आई डोळे मिटून देवाचं नाव घेते आहे.

“दे इकडे,” काकी म्हणाली. “जिता शिंगाळा मासा धरते मी. हा तर पोर हाय.”

तिने पोराला मांडीवर घेतलं. त्याचा एक हात आपल्या पाठीमागे ढकलला, दुसरा काखेत दाबला, पाय दोन गुडघ्यांत अडकवले. पोर जागच्या जागी गप्प. रडायचंही विसरलं. सिस्टरने टोचलं आणि म्हणाली, “काकी, असं धरलं की माझं अर्धं काम झालं. पोर हललं की सुई आत फिरते, नाहीतर औषध बाहेर येतं. मग दिलं काय नि नाही दिलं काय.”

झालं. त्या दिवसापासून काकी स्वतःला दवाखान्यातली समजायला लागली. डोसाच्या दिवशी बाजाराला जाणं बंद. धुतलेलं लुगडं, केसांना तेल, आणि अंगणवाडीच्या दारात खुर्ची टाकून बसायची. सिस्टर येण्याआधीच येणाऱ्या बायकांना तपासायची. “पोराला काय खायला घातलंस? नाक पूस त्याचा. उताणा धर. ताप हाय का? नाय? मग चेहरा का असा?” “काकी, त्याचा चेहरा बापासारखा हाय.” “मग बस.”

तिची एक खोड माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हती. सुई जवळ आली की ती स्वतः डोळे गच्च मिटायची आणि बाजारात ओरडते तशी ओरडायची. “घ्या कोलंबी! हालती कोलंबी! घ्या बोंबील, दुधासारखं बोंबील!” पोर तिच्या तोंडाकडे बघत राहायचं, तेवढ्यात काम व्हायचं. सिस्टरला वाटायचं काकी पोराचं लक्ष वळवते. मी शेजारी उभी असायचे, मला दिसायचं. तिच्या कपाळाला घाम असायचा.

एकदा तिच्या हाताला शिंगाळ्याचा काटा लागला. हात सुजून भाकरीएवढा. सिस्टर म्हणाली धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. काकी म्हणाली, “हात धुवून येते.” ती गेली ती किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीत जाऊन जाळ्याखाली झोपली. संध्याकाळी सिस्टर गेल्यावर बाहेर आली. अंगाला जाळ्याचा वास, आणि वर मलाच सांगते, “तिथे वारा चांगला लागतो.” होडीची गोष्ट मात्र आळीभर झाली.

सिस्टर जे सांगे ते काकी आमच्या भाषेत फिरवून सांगायची. पुष्कळदा ते सिस्टरपेक्षा लवकर कळायचं, आणि तितकंच चुकायचंही. आमच्या बायकांना सवय बोईसरच्या खाजगी डॉक्टरची. तो येणाऱ्या प्रत्येकाला वळायला लावून मागे टोचायचा. त्यामुळे सिस्टरने मांडीत सुई घातली की सासवा कुरकुर करायच्या. एक म्हणाली, “मांडी काय म्हणून? बसायची जागा कशाला दिलीय देवाने?”

सिस्टर समजावू लागली की बाळाच्या तिथे चरबी जास्त असते, औषध चरबीत पडून राहतं, आणि तिथून मोठी शीर जाते, तिला सुई लागली तर पाय अधू होऊ शकतो. मांडीच्या बाहेरच्या अंगाला मांस चांगलं असतं. सासूने नुसती मान हलवली. काकी पुढे झाली.

“सुरमईला मीठ कुठे लावतेस? मांसाला का चरबीला?”

“मांसाला.”

“का?”

“चरबीत मुरत नाय.”

“मग? पोराची मांडी म्हंजे सुरमईची मधली तुकडी हाय. गप बस.”

सासूने स्वतःच पोराची मांडी उघडी केली. सिस्टर बिचारी शाकाहारी. तिने नंतर मला हळूच विचारलं, मधली तुकडी म्हणजे चांगली का वाईट?

सगळंच तोंडातून का देत नाही, हाही काकीचा लाडका प्रश्न. पोलिओचे थेंब तोंडात, जुलाबाची लसही तोंडात, मग बाकीच्यांना सुई कशाला? सिस्टर म्हणाली, “काकी, ही दुसरी औषधं पोटात गेली तर पचून जातील. रक्तापर्यंत पोचणारच नाहीत.” पुढच्या वेळी काकी एका आईला सांगत होती, “तोंडातून दिलं तर पोटात त्याचं कालवण होतं. पोलिओवाला तेवढा पोहून पार जातो.” सिस्टरने हे ऐकलं आणि पुढची सुई भरायला घेतली. मला वाटतं ती मनात म्हणाली असेल, असू दे.

थेंब देताना काकीची वेगळी कला होती. पोराने थेंब थुंकला तर सिस्टर पुन्हा देते, म्हणून थुंकूच नये यासाठी काकी गाल दाबून त्याच्या तोंडावर फुंकर मारायची. पोर दचकून गिळायचं. एकदा तिने फुंकर मारली तेव्हा नुकतीच तंबाखूची मशेरी लावून आली होती. पोराला शिंक आली आणि थेंब सिस्टरच्या चष्म्यावर. सिस्टरने चष्मा पुसला, दुसरा थेंब दिला, आणि त्या दिवसापासून काकीला मशेरी डोसानंतर.

पण सगळ्यात मोठा तमाशा झाला तो शिक्क्याचा. जन्मल्याबरोबर पोरांच्या डाव्या दंडावर क्षयाची लस देतात. ती मांसात नाही, कातडीच्या आतच द्यायची असते. वाटाण्याएवढा फुगा येतो, पुढे तिथे फोड होतो, फुटतो आणि वण राहतो. आमच्या बायका त्या फोडावर हळद लावत, खोबरेल लावत, एकीने तर दंतमंजन लावलं होतं. सिस्टरने सांगितलं, काही लावू नका, चोळू नका, आपोआप बरं होईल. काकीने ते काम अंगावर घेतलं. घरोघरी जाऊन पोरांची झबली वर करायची. “शिक्का बसला का बघू!” ज्याला शिक्का त्याच्या आईची पाठ थोपटायची. जिच्या पोराच्या फोडाला हळद दिसेल तिच्या सात पिढ्या काढायची.

तेवढ्यावर थांबली असती तर ठीक. माकुणसारला माझ्या बहिणीच्या नातवाची हळद होती. काकी माझ्याबरोबर आली, मी बोलावलेलं नसताना. नवरा मुलगा पाटावर उघडा बसला होता, बायका एकेक करून हळद लावत होत्या. काकीची पाळी आली. तिने त्याचा डावा दंड धरला, हळद लावली, अंगठ्याने पुसली, परत लावली, परत पुसली. मग सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडली, “ह्याला शिक्का नाय!”

वाजंत्री थांबली. मुलीकडचे दोघेजण काहीतरी सामान घेऊन आले होते, ते एकमेकांकडे बघायला लागले. नवऱ्याचा बाप धावत आला. “कसला शिक्का? काय कमी हाय माझ्या पोरात?” नवरा मुलगा स्वतःच्याच अंगाकडे बघतो आहे. माझी बहीण माझ्याकडे अशी बघत होती की मी आजही तिच्या घरी जपून जाते.

काकीने माझ्या फोनवरून सिस्टरला फोन लावायला लावला. सिस्टर जेवत होती. ती म्हणाली, “काकी, वण नाही म्हणजे लस लागली नाही असं नसतं. काहींना वण येतच नाही. आता त्याला टोचायची गरज नाही. तुम्ही त्यांना हळद लावू द्या.” काकीने फोन ठेवला, दोन्ही हात वर केले आणि मांडवाला सांगितलं, “लग्नाला हरकत नाय! सिस्टर बोलली!”

वाजंत्री परत सुरू झाली. त्या मुलाला अजूनही त्याचे मित्र शिक्का म्हणतात.

आता बर्फाचं सांगते. हे हसण्यासारखं आहे, पण त्या वेळी कोणी हसलं नव्हतं.

त्या वर्षी वरच्या पाड्यांतून डांग्या खोकल्याची बातमी आली होती. लहान पोरं खोकून खोकून निळी पडत होती. आमच्या आळीत तेव्हा तान्ही पोरं बरीच. शेवंतीचा पोरगा सगळ्यांत लहान. शेवंती म्हणजे माझ्या समोरच्या घरची सून, तिखट तोंडाची, काकीला उलट बोलणारी आळीत ती एकटीच. तिचं पहिलं मूल खोकल्यानेच गेलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तिला कोणी फार बोलत नसे. डोसाच्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी पोर घेऊन दारात उभी राहिली.

सिस्टर आली, निळा डबा टेबलावर ठेवला. तेवढ्यात शेजारच्या गल्लीतून निरोप आला की बाळंतिणीला चक्कर आली. सिस्टर म्हणाली, “काकी, मी बघून येते. डब्याला कोणाला हात लावू देऊ नका.”

कोणालाच लावू दिला नाही काकीने. स्वतःच लावला.

डबा उचलून बघताना आत पाणी वाजलं. काकीने झाकण उघडलं. आत बर्फाच्या प्लास्टिकच्या चपट्या बाटल्या असतात, त्या तिने कानाशी हलवल्या. बर्फ अर्धा वितळलेला. आता मासेवाल्या बाईला डब्यात पाणी वाजलं म्हणजे काय वाटणार? माल चालला. पोलिओच्या रविवारी सिस्टरनेच सांगितलं होतं, थेंब जितके गार तितके बरे. काकी उठली, घरात गेली, आपल्या पाटीतला फोडलेला बर्फ आणला, त्यात खडे मीठ कालवलं आणि डबा गच्च भरला. औषधाच्या बाटल्या मधोमध, वर खाली चावरा बर्फ. पापलेट भरावं तसं सुरेख भरलं होतं. मी तेव्हा तिथे नव्हते, नंतर आले. असते तरी मला चूक कळली नसती.

बाळंतिणीकडे सिस्टरला पुष्कळ वेळ लागला. परत आली, हात धुतले, शेवंतीला पुढे बोलावलं, डबा उघडला आणि तशीच उभी राहिली. बाटली काढून उजेडात धरली. आतलं औषध दगड झालेलं.

“हे कोणी केलं?”

“मी,” काकी छाती काढून म्हणाली. “तुझा बर्फ मेला होता, सिस्टरबाय. मी जिता बर्फ घातला.”

सिस्टर खाली बसली. “काकी, बर्फ मुद्दाम थोडा वितळवून आणतो आम्ही. पाणी वाजलं पाहिजे, तरच तो डब्यात घालायचा. ही पाच रोगांची लस, डांग्या खोकल्याचीही यातच. ही गोठली की गेली.”

“मग वितळव की. उन्हात ठेव.”

“वितळली तरी आतलं फुटलेलं असतं. चोथा खाली बसतो. ती टोचून उपयोग होत नाही, वर मांडीला गाठ येते.”

“पोलिओला तर तूच बर्फात ठेवायला सांगतेस!”

“पोलिओची लस जिवंत असते काकी. तिला बर्फ चालतो. ही मारलेल्या जंतूंची. हिला चालत नाही.”

काकी तिच्याकडे बघत राहिली. “म्हंजे जिता बर्फात ठेवायचा आणि मेलेला बाहेर? अगो, सगळ्या जगाच्या उलटा कारभार हाय तुमचा!”

मला अजूनही वाटतं की काकीचं म्हणणं बरोबर होतं. पण औषधाला ते कोण सांगणार?

मागून एक सासू म्हणाली, “दे ना टोचून. एवढ्या बाया बाजार बुडवून बसल्यात. थोडा तरी गुण येईल.” सिस्टरने बाटल्या वेगळ्या पिशवीत बांधल्या. ती म्हणाली, “टोचलं तर तुम्हाला वाटेल पोराला डोस झाला. तुम्ही निर्धास्त व्हाल, आणि पोर उघडंच राहील. त्यापेक्षा नाही दिला हे माहीत असलेलं बरं. पुढच्या बुधवारी नवीन घेऊन येते. सगळ्या या.”

तेव्हा शेवंती बोलली. पोर छातीशी घट्ट धरलेलं. “मागच्या वेळी पण हिने बर्फ घातला नसेल कशावरून? त्याच्या मागच्या वेळी? आमी समजतो पोरांना डोस झालेत. आत काय गेलं कोणाला माहीत?”

“मी कवाच नाय घातला!” काकी म्हणाली.

“आज पण सिस्टरने बघितलं नसतं तर तू बोलली नसतीस.”

“मागच्या वेळी डबा मी हातातून सोडलाच नव्हता,” सिस्टर म्हणाली. पण बायका उठल्या होत्या. एकेक करून निघून गेल्या. बाकी कोणी भांडलं नाही, हे वाईट होतं. आमच्या आळीत भांडण झालं की मिटतं. गप्प गेलेली बाई परत येत नाही.

काकीला ते कळलं. संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसली. चहा दिला तो तसाच ठेवला. “बुधवारी कोणी नाय आली तर गं?” मी म्हटलं, “नाय येणार. खोकला मात्र येईल.” मला गोड बोलता येत नाही. ती उठली आणि गेली.

दुसऱ्या दिवसापासून तिने घरं फिरायला सुरुवात केली. माफी मागणं तिच्या रक्तात नव्हतं. तिने आधी सुके बोंबील वाटले. बायकांनी बोंबील घेतले आणि येते बघते असं म्हणाल्या, म्हणजे येत नाही. मग तिने धमक्या दिल्या. मग सिस्टरच वेंधळी, डबा उघडा टाकून गेली, असं सांगून बघितलं. ते सांगताना मी तिथे होते. मी म्हटलं, “काकी, खोटं बोलू नको, तुला येत नाय.” शेवटी ती शेवंतीच्या दारात गेली. बाकीच्या बायका शेवंतीकडे बघून चालणार हे तिला पक्कं माहीत होतं.

शेवंतीने तिला घरात घेतलं नाही. दारातच म्हणाली, “माझा एक गेला. ह्याला मी कशावर विश्वास ठेवून आणू? तुझ्या बोंबलांवर?”

“काय करू मग सांग.”

“तू घे.”

“काय?”

“सुई. त्याच डब्यातली, आमच्या समोर. तुझा विश्वास हाय ना डब्यावर? मग घे. होडीत लपायचं नाय.”

काकीने पदर खोचला, परत सोडला. मग म्हणाली, “येते.” आणि घरी जाऊन आडवी झाली. बुधवारपर्यंत तिने बाजारात आवाज काढला नाही. शेजारच्या बायकांच्या धंद्याची माती झाली.

बुधवारी सगळी आळी आली. पोरं घेऊन नव्हे, बघायला. पुरुषही कुंपणाशी उभे. सिस्टरने डबा सगळ्यांसमोर उघडला. बर्फाच्या बाटल्या हलवून पाणी वाजवून दाखवलं, औषधाची बाटली पातळ आहे ते दाखवलं. धनुर्वाताची मोठ्या माणसांची लस भरली. काकी खुर्चीत बसली होती. तोंड पांढरं.

“कुठे टोचणार?”

“दंडात.”

“मांडीत नाय? तूच तर सांगतेस मांडी चांगली.”

“ते बाळांना. त्यांच्या दंडाला मांस नसतं. तुमच्या दंडाला काय कमी आहे, काकी?”

लोक हसले. काकी उठायला लागली. खरंच उठली. दोन पावलं दाराकडे गेली. तेव्हा शेवंतीने आपलं पोर माझ्या हातात दिलं, पुढे झाली, काकीचा हात धरून तिला खुर्चीत बसवलं, एक हात पाठीमागे ढकलला आणि गुडघे गुडघ्यांनी दाबले. “डोळे मीट,” म्हणाली. आणि त्या पोरीने काकीच्या कानाशी ओरडायला सुरुवात केली, “घ्या कोलंबी! हालती कोलंबी!”

सुई टेकली आणि काकी किंचाळली. माझ्या हातातलं पोर दचकून रडायला लागलं, झाडावरचे कावळे उडाले. कुंपणाशी उभा असलेला एकजण वीजकेंद्रात कामाला होता, त्याने पाळी सुटली म्हणून घड्याळ बघितलं. देवाशपथ सांगते.

“झालं,” सिस्टर म्हणाली.

काकीने एक डोळा उघडला. “आत गेला सगळा? बाहेर नाय ना आला?”

“गेला.”

“चोळू का?”

“अजिबात नाही.”

शेवंतीने माझ्याकडून पोर घेतलं. पदराने त्याचं नाक पुसलं. मग काकीच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, “धर. नीट धर.” काकीचा दंड दुखत होता, पण तिने धरलं. हात पाठीमागे, पाय गुडघ्यांत. सिस्टरने मांडीत डोस दिला. त्यानंतर बायका घरी जाऊन आपापली पोरं घेऊन आल्या. काहींनी पोरांना झोपेतून उठवून आणलं. त्या साथीत आमच्या आळीतल्या पोरांपैकी एकालाही ती उबळ लागली नाही. शेवंतीचा पोरगा आता शाळेत जातो आणि आईसारखाच उलट बोलतो.

सिस्टरने काकीला पोर धरू दिलं, पण डब्याला हात लावायचा नाही अशी शपथ घालून. काकीने ती पाळली, आणि आपल्या मनाने वाढवली.

काकी त्यानंतर दोन पावसाळे होती. मी तिला शेवटची धडधाकट पाहिली ती अशाच एका डोसाच्या दिवशी. अंगणवाडीच्या गल्लीच्या तोंडाशी ती दोन्ही हात पसरून उभी होती आणि समोर बर्फाचा टेम्पो. तोच उत्तरेकडचा पोरगा. आता त्याला मिशा फुटल्या होत्या. मागे लाद्यांखालून पाणी गळत होतं. त्यातल्या अर्ध्या लाद्या काकीच्याच सुनेने मागवलेल्या, तिची मासळी ओट्यावर उन्हात पडली होती आणि सून कमरेवर हात ठेवून बोंबलत होती.

“अम्मा, हटो ना! बरफ पिघल रहा है!”

“आत डोस चाललाय! डब्याला बर्फाची हवा लागंल! मागे घे!”

“अरे अम्मा, पूरा पानी हो जाएगा!”

“होऊ दे पाणी!” काकी ओरडली. “पिघलू दे!”

पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मी काय सांगणार? मी म्हटलं, “भैया, मागे घे. ती नाय हटणार.” त्याने टेम्पो मागे घेतला.